किटलीची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात रस्त्याच्या नावानं पत्ता कोण सांगतंय? "कन्ना चौकातनं पुढं या, सिमेंटच्या भिंतीपाशी वळा." सिमेंटच्या, म्हणजे सिमेंटची जाहिरात रंगवलेल्या. दोन महिन्यांनी जाल तर तिथं बनियन असतंय, नाहीतर बारावीचे क्लासेस. भिंत तीच, चेहरा नवा. आज या रंगवलेल्या भिंतींबद्दल बोलायचंय.

आधी चुन्याचा हात. तो वाळला की गेरू चोळलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा, मधे चिमटीनं ओढून सोडायचा. फट्! सरळ रेघ. अशा दोन रेघांत अक्षरं बसवायची. आपल्याकडचे जुने पेंटर ती चार लिप्यांत काढत: मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. 1877 ला जुनी मिल उभी राहिली, पुढं आणखी गिरण्या झाल्या, तेलंगणातनं विणकर आले, कर्नाटक तर शेजारीच. गिऱ्हाईक ज्या भाषेत वाचतं, त्या भाषेत भिंत. पेंटरला ती भाषा येत असेलच असं नाही. कागदावरचं बघून काढायचा. उर्दूला मात्र शिडी भिंतीच्या उजव्या टोकाला लावायची, एवढं पक्कं ठाऊक.

फ्लेक्स आले आणि हे मागं पडलं. फ्लेक्सवर तरी काय बघायचं? वाढदिवस एकाचा, आणि खाली शुभेच्छुकांचे पन्नास चेहरे, निम्मे गॉगल घालून. बरं, लेखी परवानगीशिवाय भिंत रंगवणं हासुद्धा 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यानं गुन्हाच आहे, तेव्हा मी कुणाला चिथावत नाहीये. असो.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. मामेबहिणीचं लग्न, वऱ्हाड गुलबर्ग्याचं. तेव्हा गुलबर्गाच म्हणायचे. मामानं व्याह्यांना पोस्टकार्ड टाकलं: "स्टेशनवरून टांगे करावेत. कन्ना चौकाच्या पुढं भिंतीवर मोठी लाल किटली दिसेल. किटलीशेजारच्या बोळात वळावे." चहाची जाहिरात होती ती. माणसाएवढी किटली, तोटीतनं वाफ.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही बायका शेंगाची चटणी कुटत बसलेलो. उखळात बरं का. मिक्सरमधनं काढली की तिचा लगदा होतो, ती चटणी नव्हेच. तर धाकटा भाऊ धापा टाकत आला, "मामा, किटली गेली!"

मामा होता तसा, बनियनवर धावला. मागनं आम्ही. बघतो तर भिंत पांढरीशुभ्र. पेंटर बादली धूत होता.

"अहो, वऱ्हाड यायचंय! किटली परत काढा."

"उद्या साबण काढायचाय इथं. पैसे घेतलेत."

मामानं पाचाची नोट पुढं केली. पेंटरनं ती बघितली, खिशात दोन्ही हात घातले आणि शिडी उचलून गेला.

शेवटी किटलीच्या जागी भावाला आणि मला उभं केलं. संध्याकाळी सहाला गाडी. सव्वासहाला आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला, गारांसकट. आम्ही पळालो समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली. तिथनं रस्तासुद्धा दिसेना. वऱ्हाड निम्म्या वाटेत असणार. मला तर रडूच आलं.

पाऊस थांबला. म्युनिसिपालिटीचा दिवा लागला. भाऊ म्हणाला, "अक्का, भिंतीकडं बघ."

दिवाळीच्या आधी घरी चुना मारलेल्यांना सांगायला नको, ओल्या चुन्यातनं खालचं दिसतं. आधी तोटी आली. मग कड्याची काळी रेघ. मग पोट, फिकट लाल. बघता बघता अख्खी किटली वर आली, वाफेसकट! आणि चौकाकडनं तीन टांगे. पुढच्या टांग्यात नवऱ्याचे मामा, डोक्यावर पोतं घेतलेले, उभे राहून ओरडताहेत, "इल्ले, इल्ले!" इथंच, इथंच.

पेंटर रंगात काय काय मिसळायचे, कुठला रंग उन्हात आधी उडतो, हे सगळं सांगायचं होतं. पण काचेपलीकडनं घड्याळ दाखवताहेत, तेव्हा एवढंच सांगून उठते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडक ऊन. नवऱ्याचे मामा पान खायला म्हणून बाहेर पडले, भिंतीपाशी आले आणि थांबले. भिंत कोरडी, पांढरीशुभ्र. समोर पेंटर दोऱ्याला गेरू चोळतोय.

"इथं काल रात्री किटली होती," मामा म्हणाले.

पेंटरनं भिंतीकडं बघितलं, दोरा खाली ठेवला आणि बादली उचलली.

"दिसली व्हय? मग अजून एक हात मारायला लागतंय की."

नमस्कार.