दुसरा बल्ब मंद असेल का?

नमस्कार श्रोतेहो.

एक सेल घ्या आणि अगदी सारखे दोन बल्ब एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडा. कोणता जास्त उजळेल? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी हा प्रश्न विचारते, तेव्हा दरवर्षी कुणीतरी ठामपणे सांगतंच, "मॅडम, पहिला. दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर करंट थोडा संपतो ना!"

दोन्ही सारखेच उजळतात. सेलमधून जितका करंट निघतो तितकाच परत येतो. खर्च होते ती ऊर्जा. गंमत अशी, की हेच सांगणारा, किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञाचा 1845 सालचा नियम हीच मुलं पेपरात बिनचूक लिहितात, गणितंही सोडवतात. पण डोक्यात चित्र असतं गल्लीतल्या नळाचं. पुढच्या घरांनी भरून घेतलं की शेवटच्या घरी धार बारीक. हा अनुभव खराच आहे, म्हणून तर तो इतका चिवट असतो.

डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर या अमेरिकी संशोधकांनी 1983 मध्ये अशाच चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वीज म्हणजे वाहतं पाणी असं मानणाऱ्यांना बॅटरीचे प्रश्न तुलनेनं सोपे गेले; वीज म्हणजे चालती गर्दी असं मानणाऱ्यांना रोधाचे, म्हणजे करंटला अडवणाऱ्या भागाचे. ताडून बघा. पाण्याच्या टाकीवर दुसरी टाकी चढवली की उंची वाढते, दाब वाढतो. शेजारी ठेवली तर दाब तेवढाच, पाणी मात्र जास्त वेळ पुरतं. सेल सिरीजमध्ये आणि पॅरललमध्ये जोडण्यातला फरक हाच. उलट, लोकलच्या प्लॅटफॉर्मवर एका जिन्याशेजारी दुसरा जिना उघडला की माणसं भराभर बाहेर पडतात. दोन रोध पॅरललमध्ये जोडल्यावर करंट का वाढतो, हे त्या जिन्यांवरून चटकन कळतं. टाकीवरून तितकं नाही.

आम्ही शिक्षक उत्तराचा आकडा तपासतो, मनातलं चित्र क्वचितच विचारतो. मला ही आमची मोठी चूक वाटते. म्हणून आता प्रॅक्टिकलला वायर हातात घेण्याआधी जर्नलमध्ये अर्धं पान चित्रासाठी ठेवायला लावते.

एका मुलीनं दुसरा बल्ब मंद काढला होता. जोडणी केली, दोन्ही सारखेच उजळले. तिनं बल्बांची अदलाबदल केली. मग सेल उलटा लावला. बराच वेळ बघत राहिली, आणि कुणी काही न सांगता पान उलटून नवं चित्र काढायला बसली.