तडा कोणत्या रेषेत जातो?

(वाशी येथे गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभासद बंधुभगिनींनो, पत्रिकेवर आजचा विषय ‘इमारतीच्या पायाची दुरुस्ती’ असा छापलेला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु आधी तड्यांविषयी बोलणे मला आवश्यक वाटते, कारण भिंतीला तडा दिसला की आपण एकतर पाया खचला म्हणून धास्तावतो, नाहीतर पुट्टी भरून मोकळे होतो, आणि तडा नीट पाहायचा तेवढा राहून जातो.

आमच्याच इमारतीचे सांगतो. स्टिल्टमधील, म्हणजे तळाच्या मोकळ्या जागेतील, एका कॉलमला उभा तडा गेला होता आणि शेजारून सांडपाण्याचा गळका पाइप उतरत होता. कंत्राटदाराने पाइप तसाच ठेवून तड्यावर गिलावा केला, त्यावर रंग चढला, आणि दोनच पावसाळ्यांत तो तडा त्याच रेषेत पुन्हा उघडला. मी हातोडीने ठोकून पाहिले, तेव्हा वरच्या भागात आवाज खणखणीत येत होता, तड्यापाशी मात्र भद्द. गिलावा उतरवताच गंजाचे पापुद्रे हातात आले. उभ्या सळयांना बांधणारी आठ मिलिमीटरची रिंग काही ठिकाणी तारेएवढी उरली होती. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे क्षारता असेल तेथे गुलाबी होणारे रसायन फवारले, तर गाभा गुलाबी झाला आणि सळईभोवतीचा भाग रंगहीनच राहिला. नव्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या आसपास असतो व त्या क्षारतेमुळे सळई सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरत जाऊन सामू ९ च्या खाली उतरला की हे संरक्षण जाते, आणि ओल मिळताच गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होत असल्याने काँक्रीट आतून फुटते. त्या दाबापुढे वरचा गिलावा काय टिकणार? ते देयक मंजूर करताना तड्याचे कारण कोणीही विचारले नाही, याची चीड मला आजही येते.

खाडीकाठी यात खाऱ्या हवेतील मिठाची भर पडते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या १९७८च्या आवृत्तीत स्लॅबच्या सळईवर किमान १५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, पुरे मानले होते. २०००च्या आवृत्तीने किनारी हवेत उघड्या असणाऱ्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर सांगितले. आपल्यापैकी पुष्कळांची घरे या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळातली आहेत.

म्हणून तड्याची रेषा पाहावी. सळईच्या रेषेत जाणारा तडा बहुधा गंजाचा असतो. बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यातला आडवा तडा दोन साहित्यांच्या वेगवेगळ्या प्रसरणाचा असतो. आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा तडा असेल, तरच पायाकडे संशयाने पाहावे.

संयोजकांनी पाचच मिनिटे उरल्याची चिठ्ठी दिली आहे, तेव्हा पायाचे थोडक्यात सांगतो. खाडीच्या मऊ चिकणमातीवर भरणी केलेल्या जागी पाइलवरची, म्हणजे खोल कठीण थरापर्यंत नेलेल्या खांबांवरची, इमारत जागेवर राहते आणि भोवतालची भरणी बसत जाते. प्लिंथ (इमारतीचा जोता) आणि बाहेरच्या फरशीमध्ये पडलेली फट ही पाया खचल्याची खूण नव्हे. परंतु त्या बसण्याने सांडपाण्याचा पाइप चेंबरच्या सांध्यात तुटतो व मैलापाणी प्लिंथ बीमपर्यंत पोहोचते, म्हणून खर्च आधी चेंबर उघडून पाइप तपासण्यावर करावा. चिकणमातीत सिमेंटचे ग्राउट, म्हणजे दाबाने भरायचे पातळ मिश्रण, शिरत नाही, त्यामुळे असे ‘इंजेक्शन’ सुचवणाऱ्याकडून मातीचा अहवाल मागावा. उथळ फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पसरट पाया, खरोखर खचत असेल, तर टेकू लावून, एकाआड एक लहान टप्प्यांत खोदून त्याखाली आधार द्यावा. सलग चर कधीही खोदू देऊ नये. तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यात नुसती हातोडीची चाचणी न मागता हाफ-सेल (सळईच्या गंजाचा अंदाज देणारी) आणि कोअर (काँक्रीटचा नमुना काढून मजबुती तपासणारी) या चाचण्याही मागाव्यात.

टेबलावर काचेच्या पातळ पट्ट्या ठेवल्या आहेत. प्रत्येक संस्थेने एक न्यावी, गिलावा खरवडून तिरप्या तड्यावर आडवी पक्की चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. पावसाळा आणि उन्हाळा असे दोन्ही सरेपर्यंत ती अखंड राहिली, तर तडा जुना आहे. मध्येच फुटली, तर त्याच आठवड्यात अभियंत्याला बोलवावे.