प्रवेशाची माहिती एकदाच लिहा

मंडळी, प्रवेशाचा गोंधळ झाला की आपल्याकडे ठरलेला उपाय असतो: आणखी एक पोर्टल काढा. मला तो पटत नाही. रोग पोर्टलच्या अलीकडे, मूळ माहिती लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

बडोद्यातल्याच एका महाविद्यालयाचं माहितीपत्रक मी उघडून बघितलं. स्कॅन केलेली पानं, म्हणजे शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी नुसता फोटो. शुल्काच्या रकान्यात ‘नियमाप्रमाणे’. वर्ग सुरू होण्याची तारीख 5/6. आपण बिनधास्त पाच जून वाचतो; अमेरिकन वळणाचा संगणक त्याला सहा मे समजेल. तीच तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली, तर वादच मिटतो.

ब्रिटनमध्ये शिक्षणसंस्थांना डिजिटल सेवा पुरवणाऱ्या जिस्क या संस्थेच्या पाठबळानं अभ्यासक्रमांची माहिती यंत्राला वाचता येईल अशी लिहिण्याचा ‘एक्ससीआरआय-कॅप’ नावाचा नमुना तयार झाला. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी अभ्यासक्रम आणि त्याची प्रत्यक्ष तुकडी यांची केलेली फारकत. बीएस्सी रसायनशास्त्र हा अभ्यासक्रम; विषय, पात्रता, शेवटी मिळणारी पदवी, हे सहसा वर्षानुवर्षं तेच. पण यंदाची सकाळची तुकडी, तिची जागा, तिचं शुल्क, अर्जाची शेवटची तारीख, हे दरसाल बदलणार. आपण दोन्ही एकाच पानावर कोंबतो. मग गेल्या वर्षीची फी यंदाच्या पालकाला दिसते आणि खिडकीवर भांडण होतं! वेगळं लिहिलं की तुकडीचीच नोंद बदलायची, बाकीचं जागच्या जागी.

नमुना एक, पण माहिती ज्याची त्याच्या दारी. प्रत्येक संस्था आपली नोंद आपल्याच संकेतस्थळावर ठेवते, शोधणारा तिथून उचलतो. युरोपनं याच धर्तीचं मानक 2011 मध्ये आणलं. आज शोधयंत्रं वाचतात त्या स्कीमा डॉट ऑर्गच्या शब्दसंग्रहातही अभ्यासक्रम आणि त्याची तुकडी असे दोन वेगळे प्रकार आहेत.

बडोद्याला याचं अप्रूप वाटायला नको. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावलं, ते ग्रंथालयाची इमारत बघायला नव्हे. वर्गीकरणाची पद्धत बसवणं, ग्रंथपाल तयार करणं, ही कंटाळवाणी कामं त्यांनी केली.

आपल्याकडे 2021 पासून क्रेडिटची, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाबद्दल मिळणाऱ्या श्रेयांकांची, बँक आहे. विद्यार्थ्यानं काय कमावलं ते तिथे जमा होतं. पण उरलेली चार क्रेडिट्स मिळवायला सुरतला जावं की आणंदला, आणि तिथे संध्याकाळचा वर्ग आहे का, याचं उत्तर खातेपुस्तक देणार नाही. त्यासाठी तुकड्यांची माहिती जुळती हवी.

‘हे भरणार कोण?’ असं प्राचार्य विचारतात. कार्यालयातले भाऊसाहेब आजही तोच मजकूर माहितीपत्रकासाठी, संकेतस्थळासाठी, फलकासाठी आणि सरकारी पोर्टलसाठी वेगवेगळा टाइप करतातच. त्यांना एकच तक्ता द्या. चारही प्रती त्यातून निघू द्या.