टेबलावरची बोली

नमस्कार मंडळी. एवढा पाऊस असूनही फोंड्यात पत्त्यांवरच्या व्याख्यानाला सभागृह भरले, याचा मला मनापासून आनंद आहे. पत्रिकेत विषय छापलाय ‘ब्रिजच्या स्पर्धांमधले सौजन्य’. एक गोष्ट आधी बाजूला करतो. गोव्यात पत्ते म्हटले की बाहेरच्या माणसाला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीच दिसतात. त्या पत्त्यांशी आपला संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा दाखला ब्रिजचाच दिला: रमीतले नशीब हे ब्रिजच्या वाटपातल्या नशिबासारखेच. आणि स्पर्धेत तर आपण तेही काढून टाकतो. तीच पाने बोर्डाच्या, म्हणजे चौघांची पाने ठेवायच्या पेटीच्या, खणांतून टेबलाटेबलावर फिरतात, सगळ्यांना तोच डाव खेळायचा असतो.

आपल्यातले बहुतेकजण पत्ते शिकले ते चतुर्थीत. माटोळीखाली चटई टाकून आमच्या घरी रात्री दोन-दोनपर्यंत मेंढीकोट चालायचा. आजी कानातली कुडी चाचपू लागली की तिच्याकडे हुकमाचा एक्का आहे हे सगळ्या घराला कळायचे. समोरच्या जोडीलाही कळायचे, आणि तरी ती दर वेळी तितक्याच गुपचूपपणे चाचपायची! त्यात कुणाचे काही बिघडत नव्हते. ब्रिजमध्ये मात्र हीच कुडी गुन्हा ठरते. भिडूला, म्हणजे आपल्या जोडीदाराला, जे सांगायचे ते बोलीतून (कोणता हुकूम, किती हात करणार हे लावण्यातून) आणि टाकलेल्या पानातून. आवाज, चेहरा, सुस्कारा यांतून काही पोचले तर भिडूने त्याचा फायदा घ्यायचा नाही. म्हणून तर आपण तोंडाने बोली लावत नाही, पेटीतली कार्डे मांडतो. 1975 सालच्या जागतिक स्पर्धेत खेळाडूंच्या मधे पडदे लावले. तिथेच एका इटालियन जोडीवर टेबलाखालून पायाने इशारे केल्याचा आरोप झाला आणि टेबलाखालीही आडोसा करावा लागला. एवढी खबरदारी आपण फसवणूक टाळण्यासाठी घेतो. माझे म्हणणे हे की भिडूवरचा वैतागसुद्धा त्याच जातीचा आहे.

आता ज्या प्रसंगामुळे मी हा विषय मागून घेतला, तो सांगतो. काही वर्षांपूर्वीची स्पर्धा, डायरेक्टर, म्हणजे पंच, मी. डिचोलीकडच्या एक शिक्षिका पहिल्यांदाच खेळायला आल्या होत्या. घरी पुस्तक वाचून, मोबाइलवर सराव करून शिकलेल्या. त्यांना जोडीदार नव्हता, म्हणून एका जुन्या, मुरलेल्या खेळाडूबरोबर मीच त्यांना बसवले. चौथ्या बोर्डावर बाईंनी चार इस्पिकची बोली घेतली, म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून दहा हात करायचे. बाहेरचे हुकूम काढून घेण्याआधीच त्यांनी चौकटची राणी वटवायला घेतली. डावीकडच्याने हुकमाच्या दुरीने मारली. नऊ हात झाले, एक कमी.

भिडू डमी होते, म्हणजे त्यांची पाने टेबलावर उघडी आणि ती खेळायची बाईंनीच. डमीने खेळ चालू असताना हूं की चूं करायचे नसते. त्यांनी हुकूम मारला गेल्याबरोबर खुर्ची मागे ढकलली आणि छताकडे पाहिले. डाव संपल्यावर सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “शाळेत मुलांना हेच शिकवता काय हो?” बाजूच्या टेबलावर दोघे हसले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपली पाने गोळा केली, टेबलावर उभी आपटून कडा सारख्या केल्या, एकेक करून तेरा मोजली आणि खणात सरकवली. परत बाहेर काढली. परत मोजली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला तेव्हा त्यांचा हात थरथरताना दिसला, आणि मी पुढच्या टेबलाकडे गेलो. मला वाटले, मोठ्या खेळाडूला कुठे टोकायचे, स्पर्धा वेळेत संपवायची आहे. त्या दिवशी चूक माझी झाली, ती मी आजही विसरलेलो नाही. बाई जेवणानंतरच्या सत्राला आल्या नाहीत. नंतर कधीच आल्या नाहीत.

ते गृहस्थ मला नंतर म्हणाले, “अरे, मी खेळातले बोललो, मनात काही नाही.” खरेच नसेल. पण नियमांच्या पुस्तकात नियम 74 आहे, तो त्यांनी चाळीस वर्षांत उघडला नव्हता. खेळाडूने सदैव सौजन्याने वागावे, दुसऱ्याला त्रास किंवा संकोच होईल असा शब्द वा कृती टाळावी, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. पुढे उदाहरणेही दिली आहेत: भिडूची बोली किंवा पान आवडले-नावडले हे दाखवणे, आपली पाळी येण्याआधी पान उपसून धरणे, सगळे हात आपलेच आहेत हे ठाऊक असूनही समोरच्याला भंडावण्यासाठी डाव लांबवणे. हे शिष्टाचाराचे सुविचार नव्हेत. बोलीचा क्रम चुकला तर आपण जितक्या तत्परतेने हात वर करतो, तितक्याच तत्परतेने इथे करायला हवा.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली म्हणतात, आणि खरे सांगायचे ते आता सुरू होते आहे. भराभर सांगतो.

डायरेक्टरला बोलावणे म्हणजे समोरच्याला चोर ठरवणे, ही समजूत गोव्यातल्या प्रत्येक क्लबमधून आधी जायला हवी. “डायरेक्टर, प्लीज” एवढेच म्हणायचे, तेही हसून. नवशिक्याला तर पहिल्याच दिवशी सांगा की बोलावणे हा तुझा हक्क आहे. प्रत्येक फेरीला टेबल बदलले की नाव सांगून नमस्कार करायचा आणि आपली बोलीपद्धत दोन वाक्यांत सांगायची. डावाची चिरफाड सत्र संपल्यावर, चहाच्या कपाबरोबर, आणि भिडूने विचारली तरच. शिक्षा आधी जाहीर करा: पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी गुण कापणे, तिसऱ्या वेळी सत्रातून बाहेर. नियम 91 डायरेक्टरला हा अधिकार देतो. तो वापरताना माणूस मोठा आहे की छोटा हे पाहू नका. मी आता पाहत नाही.

आणि हे सगळे का, तर टेबलाभोवतीची पांढरी डोकी मोजा. 2018 साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा आला, आणि प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचे सुवर्ण आणले, एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. साठीत सुवर्ण मिळवून देणारा हा खेळ आहे याचा मला अभिमान वाटतो. पण विशीतला मुलगा आपल्या हॉलमध्ये येऊन पहिल्या सत्रातच अपमान गिळून गेला, तर त्याची साठी आपल्या टेबलावर कधीच येणार नाही.

मागच्या खोलीत दोन टेबले मांडली आहेत, बोर्डांत पाने भरलेली आहेत. ज्यांनी आजवर कधीच खेळलेले नाही असे आठजण आधी बसा. जुन्यांनी मागे उभे राहून पाहायचे, आणि पाने बघून चेहरा हलवायचा नाही. मी दोन्ही टेबलांच्या मधे उभा आहे.