गाईचं शिंग आणि पाण्यातला किल्ला

नमस्कार श्रोतेहो.

किल्ला म्हटलं की आपल्याला आधी कडा दिसतो. वर जायला एखादीच वाट, खाली दरी. आता असा मुलूख डोळ्यांपुढे आणा, जिथे डोंगर औषधालाही नाही आणि थोडं खणलं की पाणी लागतं. हा डचांचा देश. आपल्या जुन्या कागदपत्रांतले वलंदेज ते हेच. त्यांनी किल्ले बांधायचे तरी कशाच्या आधारावर?

मेनो फान कूहोर्न या माणसानं आयुष्यभर हाच प्रश्न सोडवला. कूहोर्न म्हणजे गाईचं शिंग! जन्म १६४१चा, उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतातला. वडील सैन्यात कॅप्टन, पोरगाही त्याच वाटेनं गेला. १६७३ साली फ्रेंचांनी मास्ट्रिख्टला वेढा घातला, तेव्हा तो आतल्या शिबंदीत होता. बाहेर वेढ्याची सूत्रं होती चौदाव्या लुईच्या इंजिनिअरकडे, व्होबांकडे. शहर महिनाभरही टिकलं नाही. कूहोर्न जखमी झाला, पण समोरच्याचं काम त्यानं जवळून पाहिलं.

पुढच्याच वर्षी ग्राव्ह या डच गावाच्या वेढ्यात त्यानं एक छोटी उखळी तोफ आणली. आखूड, रुंद तोंडाची, लाकडी बैठकीवर बसवलेली. मोठी तोफ ओढायला बैल-घोडे लागायचे. ही माणसांनीच उचलून खंदकात नेऊन ठेवायची. गोळा वर उडायचा आणि तटाआड लपलेल्यांच्या डोक्यावर पडायचा. ही तोफ इतकी चालली, की १८६४ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात पीटर्सबर्गच्या खंदकांमध्ये तिचेच वंशज धडधडत होते, आणि नावही कूहोर्नचंच!

पण मला मोठी वाटते ती त्याची पाण्याची युक्ती. १६८५ साली त्यानं ओल्या, सखल जमिनीवरच्या तटबंदीवर पुस्तक लिहिलं. वेढा घालणारा करतो काय? चर खणतो, माती पुढे टाकतो आणि तिच्या आडोशानं सरकत येतो. कूहोर्ननं तटाभोवती पाण्याचे खंदक तर ठेवलेच, शिवाय काही कोरडे पट्टे मुद्दाम पाण्याच्या पातळीच्या अगदी जरासे वर ठेवले. शत्रूनं तो पट्टा जिंकला, कुदळ मारली, की खाली पाणी! आडोसा करायला माती नाही, आणि वरून तटावरचा मारा चालूच. म्हणजे ज्या जमिनीला सगळे नावं ठेवत होते, तीच त्यानं पहाऱ्याला बसवली.

१६९२ साली नामूरला, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या एका किल्ल्याच्या शहरात, पुन्हा व्होबां समोर आला. कूहोर्न स्वतः बांधलेला फोर्ट विल्यम लढवत होता. जखमी होऊन त्याला तो द्यावा लागला. तीन वर्षांनी डाव उलटला. डचांचा नेता आणि इंग्लंडचा राजा असलेल्या तिसऱ्या विल्यमच्या फौजेनं नामूर परत घेतलं, आणि या वेळी हल्ल्याची आखणी कूहोर्नची होती.

इथे मात्र मला तो थोडा खटकतो. व्होबां सबुरीनं, माणसं वाचवत पुढे सरकायचा. कूहोर्न ढिगानं तोफा आणायचा, भाजून काढायचा आणि लगेच माणसं तटावर घालायचा. दिवस वाचायचे, पण त्याची किंमत शिपाई मोजायचे. नामूरच्या शेवटच्या हल्ल्यात ती फारच मोठी होती. तट बांधताना चिखलाचा एवढा बारीक विचार करणारा हा माणूस हल्ल्याच्या वेळी इतका उतावळा का होई, हे कोडं मला सुटलेलं नाही.

मार्च १७०४ मध्ये हेग इथे तो वारला. बर्गेन ऑप झोम हे त्यानं बांधलेलं अभेद्य म्हणून गाजलेलं ठाणं १७४७ साली फ्रेंचांनी घेतलंच, दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर. पुढे एकोणिसाव्या शतकात तिथले तटही पाडले गेले. एक त्रिकोणी बुरूज मात्र राहिला. मूळ तटाच्या पुढे बांधलेला, चहूबाजूंनी पाणी असलेला. आज त्याच्याभोवती बाग आहे, आणि खंदकात पाणी अजून आहे.