सोळा जणांना बोलावणं

(गुलाल. गुलालातून हळूहळू वर येणाऱ्या छत्र्या. ढोलाचा आवाज तसाच राहू द्यावा.)

फाल्गुन शुद्ध पंचमी. गोव्यातल्या फातर्प्याहून देवी निघाली आहे. श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. देऊळ फातर्प्याला, पण नाव मात्र कुंकळ्ळीचं. वर्षातून एकदा ती आपल्या मूळ गावी येते, आणि तिच्यासोबत या छत्र्या. मोजून बारा. कोंकणीत यांना सांत्र्यो म्हणतात. एकेका वांगडाची एकेक छत्री. वांगड म्हणजे गावकरांचं कूळ, आणि कुंकळ्ळीत अशी बारा कुळं. त्यांतली कितीतरी घरं आज ख्रिस्ती आहेत. छत्रीचा मान त्यांनी सोडलेला नाही.

देवीला आपल्याच गावी पाहुणी म्हणून का यावं लागतं?

(शेतं, खाजनाचे बांध, साळ नदी.)

कुंकळ्ळी ज्यात येते तो साष्टी महाल 1543 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथं गावकरी, म्हणजे गावाचा एकत्र कारभार, चालत होती. जमीन एकट्या कुणाची नव्हे, वांगडांची मिळून. खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताचा, बांध फुटला तर कुणी बांधायचा, कुठलं शेत कुणी करायचं, देवळाला किती, सरकारला सारा किती, हे सगळं गावकर एकत्र बसून ठरवायचे. बसायचे देवळाच्या मंडपात. देऊळ गेलं तर बसायचं कुठं?

1567 मध्ये राशोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रोड्रिग्ज यानं साष्टीतली देवळं पाडायला घेतली. आकडा सांगतात 280. कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, वेरोडा आणि आंबेली ही पाच गावं मात्र वाकली नाहीत. देवळं पडली, यांनी पुन्हा उभी केली. फौज आली, पुन्हा पाडून गेली. गावांनी सारा भरणं बंद केलं. फौजेबरोबर जाणाऱ्यांत पिएत्रो बेर्नो नावाचा जेझुइट, म्हणजे धर्मप्रसार करणाऱ्या एका कॅथलिक संघाचा, पाद्रीही होता. गावांनी तो चेहरा लक्षात ठेवला होता.

(ओर्लीची वाट. पाऊस.)

1583, जुलै महिना. ओर्लीच्या चर्चमध्ये पाच जेझुइट जमले. म्होरक्या रोदोल्फो आक्वाविवा, वय 32. अकबराच्या दरबारात तीन वर्षं धर्मचर्चा करून हा त्याच वर्षी गोव्याला परतला होता. बादशहानं त्याचं ऐकून घेतलं होतं. कुंकळ्ळीत तो चर्चसाठी जागा बघायला निघाला.

सोबत बेर्नो, पाशेको, अंतोनियो फ्रांसिस्को, ब्रदर आरान्या. गोन्सालो रोड्रिग्ज नावाचा एक पोर्तुगीज गृहस्थ आणि काही स्थानिक ख्रिस्ती. गावकरांची बैठक बसली, आणि थोड्याच वेळात हत्यारं घेतलेला जमाव चालून आला. रोड्रिग्जनं बंदूक उचलली. पाशेकोनं त्याला थांबवलं, आपण लढायला आलेलो नाही म्हणून. पाचही जेझुइट मारले गेले. रोड्रिग्जही. बेर्नोचे हाल सगळ्यात जास्त झाले. चौदा स्थानिक ख्रिस्ती मेले, त्यांत दोन मुलगे होते. पाद्र्यांची प्रेतं विहिरीत टाकली.

(विहीर. इथं थोडा वेळ निवेदन नाही.)

तारखेचा एक घोळ इथंच सांगायला हवा. गाव 15 जुलै म्हणतं, चर्चचे ग्रंथ 25 म्हणतात. दिवस एकच, सोमवार. जुन्या पंचांगानं 15, पोपनं काढलेल्या नव्या पंचांगानं 25; नवं तेव्हा गोव्यात अजून लागू व्हायचं होतं, एवढंच.

(असोळणा. नदीच्या पात्रावर सकाळ.)

आता असोळणा. तेव्हा इथं पोर्तुगीजांचा कोट होता. कुंकळ्ळीच्या हत्यांनंतर कुंकळ्ळीकरांना निरोप गेला, बोलणी करायला या. सोळा नाईक, म्हणजे गावचे प्रमुख, आले. बोलणी करायला म्हणूनच आले. आत गेल्यावर दरवाजे लागले. ना चौकशी, ना साक्ष, ना कुणापुढे सुनावणी. पंधरा जणांना तिथंच मारलं. सोळावा संडासाच्या भोकातून खाली साळ नदीत उतरला आणि पोहत निसटला. तो पुढे कारवारकडे गेला.

(नदीचं पात्र. कॅमेरा स्थिर.)

हीच ती नदी. आम्ही गेलो तेव्हा भरती होती.

पुढे गावांच्या जमिनी जप्त झाल्या, त्या पोर्तुगीज सरदारांकडे गेल्या, अखेर मार्की द फ्रोन्तेरा घराण्याकडे. कुंकळ्ळीहून हलवलेली देवी फातर्प्याला राहिली, आणि गावातली कितीतरी घरं ख्रिस्ती झाली.

(चॅपेल, मग स्मारकाचा खांब.)

मेलेल्या जेझुइटांची पत्रं, चरित्रं, वयं, घराणी सगळं लिहिलेलं आहे. रोममध्ये 1893 साली त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, म्हणून घोषित केलं. असोळण्याच्या चर्चचं नावही हुतात्म्यांच्या मातेचं. मारायला बोलावलेल्या नाईकांची बाजू मात्र कुणी लिहून ठेवली नाही. या घटनेचं जे वर्णन आपण वाचतो, ते बहुतेक पाद्र्यांच्याच लेखणीतलं. आम्हीही वर तेच वापरलं.

नाईकांचा दगड उभा राहिला 2003 मध्ये. 420 वर्षांनी.

(15 जुलै. स्मारकापाशी माणसं.)

दर वर्षी या दिवशी इथं फुलं वाहतात. जुलैचा पाऊस असतो, त्यामुळे छत्र्या इथंही दिसतात. साध्या, काळ्या.