भट्टी बंद केल्यावर काचेचं काय होतं

मघाशी चहाच्या वेळी तिघाचौघांनी मला एकच विचारलं, की ताई काच वितळायला किती डिग्री लागतात. सांगते. आपली साधी खिडकीची काच ८०० ते ८२० डिग्री सेल्सिअसच्या आसपास पूर्ण एकजीव होते, दोन थर असतील तर त्यांचा एक होतो आणि कडा गोल होतात. पण वितळवणं हा यातला सोपा भाग आहे हो. मी भट्टीत काच जडवून बशा करते, आणि गेल्या पाच वर्षांत माझ्या भट्टीत जे काही फुटलंय ते जवळपास सगळं गार होताना फुटलंय, म्हणून आज मी जास्त बोलणार आहे ते काच निववण्याबद्दल, म्हणजे हळूहळू गार करण्याबद्दल.

माझी भट्टी छोटीच आहे, २ किलोवॅटची, म्हणजे साधारण ९ अँपिअर, गिझरला असतो तसल्या मोठ्या प्लगवर चालते. कंट्रोलर मात्र चांगला घ्या, त्यात पैसे वाचवू नका, कारण ताशी किती डिग्रीने चढायचं, कुठे किती वेळ थांबायचं आणि किती हळू उतरायचं हे सगळं तोच सांभाळतो.

आता ज्यांनी गावाकडे कंदील वापरलाय त्यांना आठवत असेल, आमच्याकडे प्रभाकर कंदील होता, कराडजवळच्या ओगलेवाडीचा, ओगल्यांच्या कारखान्यातला. तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की टक करून तडा! का, तर थेंब पडला तेवढी जागा एकदम आकसली आणि बाकीची काच तशीच फुगलेली राहिली, मग त्या ओढाताणीत ती फाटली. भट्टीत हेच होतं, फक्त तिथे थेंब नसतो. बाहेरची बाजू आधी गार होऊन घट्ट होते, आतला भाग अजून गरम असतो, आणि तो नंतर आकसायला बघतो तेव्हा बाहेरच्याने त्याला धरून ठेवलेलं असतं. ही ओढ काचेत कायमची राहून जाते. बशी दिसायला एकदम छान, आणि आठवड्याने कुणी ओट्यावर ठेवली की दोन तुकडे.

म्हणून ५४० च्या आसपास थांबायचं. त्या तापमानाला काच आकार धरण्यापुरती घट्ट असते पण आतून अजून थोडी सैल असते, सगळीकडे सारखं तापमान होऊ द्यायचं, ओढ आपोआप सुटते. सहा-आठ मिलिमीटरच्या बशीला मी तासभर देते, मग ताशी ८० डिग्रीने ४३० पर्यंत आणते, नंतर थोडी घाई चालते. झाकण मात्र हाताला गार लागेपर्यंत उघडायचं नाही, अगदी फटसुद्धा नाही, कितीही उत्सुकता असली तरी. मध्येच लाईट गेली तरी उघडू नका, विटांमध्ये भरपूर उष्णता साठलेली असते, बहुतेक वेळा ती सांभाळून घेते.

दुसरी गोष्ट जोडीची. मला एकदा खिडकीच्या काचेवर हिरव्या बाटलीचे तुकडे जडवायचे होते. भट्टीतून निघाली तेव्हा इतकी सुंदर होती ती बशी, मी सगळ्यांना फोटो पाठवले, आणि तिसऱ्या रात्री शोकेसमधून आवाज आला. तडा बरोबर हिरव्या तुकड्याच्या कडेकडेने गेला होता. मी खूप दिवस हळहळले त्याच्यावर, आणि मग बसून हिशोब केला. पंचवीस सेंटिमीटरची बशी ५०० डिग्रीवरून खोलीच्या तापमानाला येताना साधारण एक मिलिमीटर आकसते. आर्ट ग्लास विकत आणलीत तर तिच्यावर ९० किंवा ९६ असा आकडा असतो, तो प्रसरणाचाच, म्हणजे तापल्यावर काच किती फुगते त्याचा. या दोन्हीच्या आकसण्यात त्या बशीमागे फरक पडतो फक्त ०.०७ मिलिमीटरचा, डोक्याच्या केसाएवढा, आणि तेवढ्यावर बशी फुटते. म्हणून एका बशीला एकच काच, शक्यतो एकाच शीटमधून कापलेली. काचवाल्याकडे कापून उरलेल्या पट्ट्या मिळतात, पण कुठल्या पट्ट्या एका शीटच्या ते त्याला विचारून वेगळ्या बांधून आणा. टफन्ड, म्हणजे मुद्दाम कडक केलेली काच घेऊ नका, ती कापायला गेलं की चुरा होतो.

स्लम्पिंग, म्हणजे सपाट काच साच्यात बसवणं, हे कमी तापमानाचं काम, ६८० ते ७२० च्या दरम्यान, आणि ते वेगळ्या खेपेला करायचं. साच्यासाठी मी कुंभाराकडची कुंडीखालची बशी वापरते, बिनचकाकीची, तळाला हवा जायला एक बारीक भोक पाडून, आणि किल्न वॉशचे, म्हणजे काच साच्याला चिकटू नये म्हणून लावायच्या लेपाचे, चार-पाच हात देऊन. इथे एक गंमत बघा. मातीचा साचा काचेपेक्षा कमी आकसतो, म्हणून काच मातीच्या आत बसवायची, गार होताना ती स्वतःच सुटून येते. आणि स्टील काचेच्या जवळपास दुप्पट आकसतं, म्हणून स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी उलटी ठेवून काच तिच्या वरून सोडायची, वाटी आत आकसते आणि काच मोकळी. उलटं केलंत तर स्टील काचेला आवळतं किंवा काच मातीला आवळून तडकते. आणि हो, किल्न वॉश घासून काढताना मास्क घाला, ती पूड छातीत जायला नको.

आता ओढ राहिली की नाही हे फुटायच्या आधी कळतं का? कळतं, आणि त्याला महागाचं काही लागत नाही. लॅपटॉपवर पांढरी कोरी स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगल, म्हणजे ठरावीक दिशेचाच उजेड आत सोडणारा, डोळ्यासमोर धरून फिरवत जा, एका कोनात स्क्रीन काळी पडते. आता मध्ये काच धरा. नीट निवलेली काच काळीच दिसते. जिथे ओढ आहे तिथे पांढरा उजेड चमकतो. नवी काच आली की मी आधी तिचा नखाएवढा तुकडा पट्टीवर जडवून बघते, तुकड्याभोवती पांढरं वलय दिसलं की ती जोडी बाद.

त्या फुटलेल्या बशीचा अर्धा भाग मी जपून ठेवलाय, आज आणलाय. इथे टेबलावर लॅपटॉप चालू आहे, गॉगल दोन आहेत. या पुढे, रांगेने या, आणि हिरव्या तुकड्याच्या कडेला बघा, अजून चमकतंय.